उजव्या पायाखालचा आवाज

चाकं माझी आणि बाकीची सायकल ह्यांची, अशी आमच्या दुकानाची वाटणी आहे. लग्नानंतर वर्षभरात ती आपोआप झाली आणि पुढे एकोणतीस वर्षं टिकली. तारा घालणं, ताणणं, चाकाचा आऊट म्हणजे डुगडुग काढणं हे माझं काम. पायडल, त्याचा दांडा म्हणजे क्रँक, चेन, ब्रेक, हँडल हे ह्यांचं. एकमेकांच्या हद्दीत आम्ही पाय टाकत नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की ती कोणाच्या हद्दीतली हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरेपर्यंत थोडी वादावादी होते. आपलं काही चुकलं असेल असं दोघांनाही मनापासून कधीच वाटत नाही.

ह्यांचा कान गावात प्रसिद्ध. सायकल दारातून आत येत असतानाच हे मान तिरपी करायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, डावं पायडल, आतल्या बाजूचं बेअरिंग. गिऱ्हाईक सायकल उभी करेपर्यंत ह्यांच्या हातात पाना. खरं सांगायचं तर मी ह्या कानावरच भाळले होते. माझ्या सायकलची चेन कोरडी पडली आहे हे ह्यांनी रस्त्याच्या पलीकडून ओळखलं होतं. जो माणूस सायकलचं इतकं ऐकतो तो बायकोचंही ऐकेल, असा मी अंदाज बांधला. तो साफ चुकला, असं मी गेली दोन वर्षं धरून चालले होते.

कारण दोन वर्षांत ह्यांच्या तोंडी एकच शब्द उरला होता. अहो, वरच्या खोलीतला नळ गळतोय. बघू. अहो, रविवारी टेकडीवर फिरायला जायचं का? बघू. नळ गळत राहिला आणि टेकडी जागच्या जागी राहिली. आधी मी भांडले. मग टोमणे मारले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी अबोला धरला, तर चार दिवस ह्यांना त्याचा पत्ताच लागला नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

आणि मग दोन आठवड्यांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती दूरच्या शहरात शर्यतीच्या सायकली बांधणाऱ्या कारखान्यात काम करते. तिथे चाकांच्या विभागाला कोणीतरी जाणतं माणूस हवं होतं आणि तिने माझं नाव सुचवलं होतं. काम मनासारखं, राहायला बहिणीचं घर. "ताई, तुझ्या हाताला तिथे कोण विचारतं?" ती म्हणाली. बहिणी असं बोलतात तेव्हा त्यांना नेमकं माहीत असतं की कुठे लागेल.

त्याच संध्याकाळी भांडी घासता घासता मी ह्यांना विचारलं. मागे वळले नाही, वळायचं धैर्य नव्हतं. सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "अहो, मी जाऊ का? वर्ष-दोन वर्षं तरी?" नळ चालू होता. मागे वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज झाला. मग ह्यांचं उत्तर आलं.

"बघू."

मी एकच ताट तीनदा घासलं. जाऊ नको म्हणाले असते तर मी भांडले असते आणि राहिले असते. जा म्हणाले असते तर रडले असते आणि बहुतेक तरीही राहिले असते. पण बघू? मी असले काय आणि नसले काय, ह्यांना सारखंच, असा मी त्याचा अर्थ लावला. येत्या शनिवारपर्यंत बहिणीला उत्तर द्यायचं होतं. मी ठरवलं, हो कळवायचं. ह्यांना काय, बॅग भरताना सांगितलं तरी चालेल.

शुक्रवारी दुपारी भिंगरी आली.

भिंगरी म्हणजे ह्यांच्या बहिणीची मुलगी. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे लेक म्हणाल तर तीच. लहानपणी पाय एका जागी ठरायचे नाहीत म्हणून मामानेच तिचं हे नाव ठेवलं. आता सत्तावीस वर्षांची आहे, मुलांना पोहायला शिकवते आणि पहाटे तलावावर जाते ती आम्ही बांधून दिलेल्या फिक्स्ड गिअरवर. ह्या सायकलला फ्रीव्हील नसतं. मागची चकती थेट चाकालाच घट्ट बसवलेली असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय. उतारावरसुद्धा पाय स्वस्थ ठेवायची सोय नाही. पुढे एक ब्रेक असतो, पण वेग आवरायचा तो मुख्यतः पायांनी. म्हणून अशा सायकलच्या आवाजाकडे कानाडोळा करायचा नसतो. मागची चकती सैल झालेली असली तर पाय अडवूनही चाक अडत नाही.

"मामा, टिक वाजतंय," ती आल्या आल्या म्हणाली. "पंधरा दिवस झाले. पहाटे रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा फक्त तेवढंच ऐकू येतं. डोकं उठलंय माझं."

"चालवून दाखव," हे म्हणाले.

दुकानामागे फरशीचं अंगण आहे. भिंगरी तिथे गोल गोल फिरायला लागली. मी दारात एक चाक घेऊन बसले होते. टिक. टिक. बारीक आवाज, नखाने काचेचा पेला वाजवावा तसा. हे नेहमीसारखी मान तिरपी करून, डोळे मिटून उभे राहिले. तीन फेऱ्या झाल्या, चार झाल्या.

"कुठाय?" हे म्हणाले.

"अरे मामा, हा काय. आता वाजला. हा बघ, परत."

"काही नाही गं. तुझ्या डोक्यात आहे तो. बिनधास्त चालव."

तेवढ्यात शेजारच्या शिंप्याने मशीन न थांबवता खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय हो, हे टिकटिक काय चाललंय? मला वाटलं माझीच सुई मोडतेय."

ह्यांनी शिंप्याकडे बघून हसून मान डोलावली. ह्यांच्या कामात शिंप्याने नाक खुपसलेलं ह्यांना कधी खपत नाही. शिंपी काय म्हणाला ते कळलं असतं तर हे हसले नसते. मी हातातलं चाक खाली ठेवलं.

मग एकेक आठवायला लागलं. दुकानाच्या दाराला एक बारीक घंटी होती. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी ती काढून टाकली आणि आपलं बाक दाराकडे तोंड करून ठेवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, उजेड येतो. चहाच्या किटलीला शिट्टी आहे. हे किटलीशेजारी बसून तिला खुशाल बोंबलू देतात आणि मी आतून येऊन गॅस बंद करते, एवढा कसला आळस म्हणून करवादते. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हे त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. लोकांचं किती लक्ष देऊन ऐकतात आणि माझं मात्र नाही, असं मला वाटायचं. पण माझ्याशी बोलताना ह्यांची पाठ असायची, किंवा माझी.

भिंगरी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी ह्यांच्या मागे चार पावलांवर जाऊन उभी राहिले आणि रोजच्या आवाजात म्हटलं, "अहो, दुकानाला आग लागलीय."

"बघू," हे म्हणाले.

मला हसू आलं. मग लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ, माझा स्वभावच तसा, राग आला. हा माणूस दोन वर्षं मूग गिळून बसला होता. कान म्हणजे ह्यांची अब्रू, हे मला कळत होतं. पण त्या अब्रूपायी पोरीला 'बिनधास्त चालव' म्हणून रस्त्यावर धाडायला निघाले होते, तेही खाली काय सैल झालंय हे न बघता. आणि मी? मी तरी कुठली शहाणी. एका छपराखाली राहून, ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी दोन वर्षं भांडत होते.

भिंगरी सायकल थांबवून माझ्याकडे आली. "मामी, तुला येतोय ना ऐकू?"

"येतोय," मी म्हटलं.

हे माझ्याकडे वळले. मी ह्यांच्या नजरेला नजर दिली आणि ह्यांना कळलं की मला कळलंय. ह्यांनी मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पाना हातात धरून, शाळेत पाटी फुटलेल्या मुलासारखा उभा राहिला. मला तिथल्या तिथे सगळं बोलून टाकायचं होतं. पण भाचीसमोर ह्यांना उघडं पाडायला माझी जीभ रेटली नाही. मी समोर जाऊन, सावकाश, ओठ नीट हलवून म्हटलं, "आवाज आहे. फार बारीक आहे. मी ऐकते, तुम्ही शोधा."

ह्यांनी हातातला पाना फरशीवर ठेवला. मग म्हणाले, "किती वेळा वाजतो? कशाबरोबर?"

साध्या सायकलचा आवाज शोधणं सोपं असतं. पायडल मारणं थांबवायचं आणि सायकल नुसती पळू द्यायची. आवाज थांबला तर तो पायडल, क्रँक नाहीतर चेनचा, चालूच राहिला तर चाकाचा. ह्यांची हद्द की माझी, एका मिनिटात निकाल लागतो. फिक्स्ड गिअरमध्ये पायडल थांबवताच येत नाही, सगळं बरोबर फिरतं आणि बरोबर थांबतं. तिथे मोजावं लागतं. ह्या सायकलला पुढे अठ्ठेचाळीस दाते आहेत आणि मागे सोळा. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाकाच्या बरोबर तीन फेऱ्या होतात. आवाज पायडलच्या फेरीला एकदा आला तर तो पायडलकडचा, तीनदा आला तर चाकाकडचा.

मी भिंगरीला पुन्हा फिरवलं आणि मोजलं. उजवा पाय खाली गेला की टिक. पुन्हा उजवा पाय खाली, पुन्हा टिक.

"फेरीला एकदा," मी ह्यांना सांगितलं. "उजव्या पायाखाली. म्हणजे तुमच्याकडचा." हे सांगताना मला जरा बरंच वाटलं, कबूल करते.

ह्यांनी आधी मागचं चाक घट्ट धरून पायडल पुढे-मागे हलवून पाहिलं. चकती जागच्या जागी होती, तेव्हा मोठी काळजी मिटली. मग उजवं पायडल काढलं, पुसलं, ग्रीस लावून बसवलं. भिंगरी एक फेरी मारून आली. मी मान हलवली, आहे. क्रँकचा बोल्ट काढून पुन्हा आवळला. आहे. पुढच्या चेनव्हीलचे पाचही बोल्ट काढून पुसून बसवले. आहे. चेनची एकेक कडी बोटांत वाकवून पाहिली, सगळ्या मऊ. भिंगरीच्या बुटाची नाडी आत खोचायला लावली, तिच्या खिशातल्या किल्ल्या काढून ठेवल्या. शिंपी खिडकीत कोपर टेकून बसला होता, त्याने तर मशीन बंदच ठेवलं होतं. दीड तास झाला. टिक आपल्या जागी ठाम.

हे घाम पुसत उठले. "मीच चालवून बघतो," ह्यांनी ठरवलं.

भिंगरी माझ्याकडे बघायला लागली. मामाला मुळात आवाजच येत नाही हे तिच्याही ध्यानात आलं होतं बहुतेक. पोरगी शहाणी आहे, तिने सायकल मामाच्या हातात दिली.

"चला," मी म्हटलं, "मी येते बरोबर."

हे सायकलवर बसले. मी ह्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि सायकलबरोबर धावायला लागले. आवाज आला की मी बोटाने खांद्यावर टकटक करायची, असं आम्ही ठरवलं नव्हतं. मी केलं आणि ह्यांना ते लगेच कळलं. पन्नाशी उलटलेली बाई, पायात चपला, अंगावर ग्रीसने माखलेला एप्रन, नवऱ्याच्या खांद्याला धरून अंगणात गोल गोल पळतेय.

"काय वहिनी, सायकल शिकवताय का साहेबांना?" शिंप्याने विचारलं.

"शिकतील हळूहळू," मी म्हटलं.

हे मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत होते. माझं बोट टेकलं की उजवा पाय खाली. बोट, पाय. बोट, पाय. तिसऱ्या फेरीला हे हसले. शिंप्याला दाखवलं तसलं हसू नव्हतं ते. हा चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

थांबल्यावर हे म्हणाले, "मोठा आवाज उजव्या पायाखालीच आहे. पण मध्ये एखादा बारीक येतो का? अगदी बारीक?"

येत होता. उजव्या पायाच्या मोठ्या टिकनंतर दोन बारीक टिक येत होत्या. ऐकू आल्यासारख्या आणि न आल्यासारख्या. मला त्या पहिल्यापासून येत होत्या आणि मी त्या मोजल्या नव्हत्या. एक आणि दोन तीन, आणि तीन म्हणजे चाक, आणि चाक म्हणजे मी. आपला तो बाब्या.

"नाही," मी म्हटलं. "तसं लक्षात घेण्यासारखं काही नाही."

हे माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. दोन वर्षं हा माणूस चेहरे वाचून दुकान चालवत होता, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही.  ह्यांनी सायकल उलटी करून फरशीवर ठेवली, मागच्या चाकाचे नट सैल केले आणि चकतीवरून चेन उतरवली.

"आता काय करतोयस?" भिंगरीने समोर येऊन विचारलं.

"चाकाच्या बरोबर तीन फेऱ्या, म्हणजे काय?" हे तिला म्हणाले. "पायडलची फेरी पुरी झाली की चाकही जिथल्या तिथे. चाकावरची एकच जागा दर वेळी तुझ्या उजव्या पायाच्या जोराखाली येते. तू साध्या सायकलवर असतीस तर मध्ये कुठेतरी पाय थांबवले असतेस, चाक एकटंच पुढे गेलं असतं आणि ती जागा सरकली असती. इथे ती सरकतच नाही. त्यामुळे चाकातला आवाज पायडलच्या आवाजाचं सोंग घेऊन बसू शकतो." बोलता बोलता ह्यांनी पायडल जागच्या जागी धरून चाक अर्धी फेरी फिरवलं आणि चेन पुन्हा चढवली. "आता आवाज पायडलमध्ये असेल तर उजव्याच पायाखाली राहील. चाकात असेल तर डाव्या पायाखाली जाईल."

एकोणतीस वर्षांत मला हे कधी सुचलं नव्हतं. ह्यांनाही सुचलं नसणार. कान होता तोवर गरजच नव्हती.

हे पुन्हा सायकलवर बसले, मी पुन्हा खांद्याला धरून धावायला लागले. उजवा पाय खाली गेला. काही नाही. डावा पाय खाली गेला.

टिक.

बोट जरा उशिरा टेकवावं, असं माझ्या मनात आलं. कोणाला कळणार होतं? भिंगरी लांब होती आणि शिंपी काही मोजत नव्हता. ह्यांना तर मी जे सांगेन तेच खरं. आणि नेमकं त्याचसाठी मला ते जमेना. मी टिकबरोबरच बोट टेकवलं. डावा पाय, बोट. डावा पाय, बोट. आणि मधल्या दोन बारीक टिकांनाही बोट हलकेच टेकवलं.

हे थांबले. "चाक," म्हणाले. बाकी काही नाही. ह्यांच्या जागी मी असते तर महिनाभर ऐकवलं असतं.

भिंगरी चहा ठेवायला आत गेली. आम्ही चाक काढून माझ्या स्टँडवर लावलं. मी तारा वाजवून तपासते, ताणलेली तार वेगळी बोलते आणि सैल तार वेगळी. मी वाजवायला हात पुढे केला, पण हे म्हणाले, "थांब." ह्यांनी दोन तारा दोन बोटांत धरून दाबल्या, मग पुढच्या दोन, मग त्याच्या पुढच्या. मान तिरपी, डोळे मिटलेले. पूर्वी ऐकायला उभे राहायचे तसेच. चाकाचा पाऊण भाग झाल्यावर ह्यांची बोटं थांबली.

"ही."

मी दाबून पाहिली. इतरांपेक्षा सैल होती. जिथे ती शेजारच्या तारेला ओलांडून जाते तिथे दोघी एकमेकींवर घासून एक बारीक चकचकीत खूण पडली होती. बाकी सगळ्या तारा जुन्या, ही एकटी नवी. भिंगरीची तार तुटली होती म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मीच बदललेली. तो दिवस मला लख्ख आठवत होता. आदल्या संध्याकाळी मी एक ताट तीनदा घासलं होतं.

"तू अशी तार सोडत नाहीस," हे म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. "इतक्या वर्षांत एकदाही नाही. काय झालं होतं त्या दिवशी?"

टोमण्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं. ह्या प्रश्नाला खरं तेच सांगावं लागलं.

"आदल्या संध्याकाळी मी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं," मी ह्यांच्याकडे तोंड करून सांगितलं. "तुम्ही बघू म्हणालात."

ह्यांनी ती तार पुन्हा बोटांत धरली. "मी सगळ्यालाच बघू म्हणतो. कळलं नाही की बघू. हो म्हटलं तर भलतंच काहीतरी कबूल व्हायचं, नाही म्हटलं तर तू चिडायचीस. बघू म्हटलं की निभतं."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगू? कान गेला म्हणून? मग माझं दुकानात उरलं काय?" मग हे खालच्या आवाजात म्हणाले, "आणि गेला तोही कसा. ट्रकचा आवाज अजून येतो. किटलीचा, घंटीचा आणि तुझा येत नाही. तू बोलतेयस एवढं कळतं, काय बोलतेयस ते कळत नाही. सारखं काय म्हणालीस, काय म्हणालीस विचारलं असतं तर तू बोलायचीच थांबली असतीस."

मी थांबलेच होते की.  माझे डोळे भरून आले होते आणि एप्रनच्या बाहीला ग्रीस होतं, त्यामुळे पुसायचीही पंचाईत.

"काय विचारलं होतंस?" हे म्हणाले.

मी पुन्हा विचारलं. ह्या खेपेला नळ चालू नव्हता आणि माझी पाठ नव्हती. बहिणीचा फोन, कारखाना, चाकांचा विभाग, वर्ष-दोन वर्षं. मध्ये ते चाक होतं आणि हे तारांमधून माझ्या ओठांकडे बघत होते. शेवटचं वाक्य होईपर्यंत हलले नाहीत.

"उत्तर कधी द्यायचंय?"

"उद्या."

ह्यांचा चेहरा उतरला. दोन वर्षं ज्या माणसाला मी घुम्या समजत होते, त्याच्या चेहऱ्यावर ते सगळं सरळ दिसलं.

"नको जाऊस," हे म्हणाले. "चाकांसाठी म्हणत नाही मी. चाकं काय, कोणीही बांधेल."

"कोणीही?"

"बरं, कोणीही नाही. पण त्यासाठी म्हणत नाही. तू नसलीस तर मला करमणार नाही. दुकानात नाही आणि घरातही नाही."

एवढ्यात भिंगरी तीन कप घेऊन आली आणि माझं उत्तर राहून गेलं. आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत तिने विचारलं, "सापडलं का?"

"सापडलं," हे म्हणाले. "तुझ्या मामीचं काम."

"माझी चूक," मी म्हटलं. आमच्या दुकानात हे दोन शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होते. ते ह्यांनी नेमके माझ्या तोंडाकडे बघत वाचले आणि फार समाधानाने चहाचा घोट घेतला.

मी तार ताणली, तारा जिथे एकमेकींवरून जातात तिथे तेलाचा थेंब सोडला आणि चाकाचा आऊट काढला. ह्यांनी चाक बसवून चेनचा ताण लावला. भिंगरी फिरायला लागली. मी ह्यांच्या शेजारी उभी राहून खांद्यावर हात ठेवला. हे माझ्या बोटाकडे लक्ष लावून होते. एक फेरी, दोन, पाच. बोट हललं नाही.

"वाजतंय?" ह्यांनी विचारलं.

मी मान हलवली, नाही. शिंप्याने खिडकीतून दोन्ही हात जोडले आणि मशीन पुन्हा चालू केलं.

भिंगरी जायला निघाली तेव्हा मी ह्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय." ह्यांनी तोंड उघडलं. "बघू म्हणायचं नाही," मी म्हटलं. भिंगरीने सायकलवर बसता बसता मामाकडे बघून मान डोलावली.

"जाऊ," हे म्हणाले.

संध्याकाळी दुकान आवरताना हे माझ्याकडे पाठ करून भिंतीवर पाने लावत होते. लहानापासून मोठ्यापर्यंत, रोजच्यासारखे. मी जमिनीवरचे तारांचे तुकडे झाडून गोळा करत होते. मन इतकं हलकं होतं की केरसुणीला वजनच नव्हतं.

"मग," हे न वळताच म्हणाले, "बहिणीला काय सांगणार?"

दोन वर्षांची उधारी होती, एवढी संधी मी कशी सोडू?

"बघू," मी ह्यांच्या पाठीला म्हटलं, रोजच्या आवाजात.

ह्यांना ते ऐकू गेलं नाही. सगळ्यात मोठा पाना खिळ्याला अडकवून झाला होता. लावायला आणखी पाना उरला नव्हता, तरी हात तिथेच होता. मी केरसुणी भिंतीला टेकवली, बाकाला वळसा घालून ह्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि हे माझ्या तोंडाकडे बघेपर्यंत थांबले.

"नाही जात," मी म्हटलं.